पावसात कोकण रेल्वे: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

पावसाळ्यात कोकण रेल्वेने घरच्यांना आणि मित्रमंडळींना घेऊन जाण्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारख्या प्रश्नांची उत्तरं एकत्र दिली आहेत.

आम्ही दोन कुटुंबं आणि मुलाचे मित्र मिळून चौदा जण आहोत. तिघं सत्तरीपुढचे, दोन मुलं सात-आठ वर्षांची. जुलैमध्ये मुंबईहून मडगावपर्यंत केवळ पाऊस बघत जायचं आहे. गाडी कोणती घ्यावी?
— एक वाचक, डोंबिवली

दिवसाची. बाकी सगळं त्यानंतर. कोकणकन्या आणि तुतारी सोयीच्या असल्या तरी रात्रीच्या आहेत. मत्स्यगंधा दुपारी सुटते, पण रत्नागिरी येईपर्यंत अंधार पडलेला असतो आणि खरी मजा असलेला निम्मा रस्ता हातचा जातो.

उरतात मांडवी, जनशताब्दी, तेजस आणि वंदे भारत. वंदे भारत पावसाळ्यात आठवड्यातून मोजकेच दिवस धावते. जनशताब्दी आणि तेजस पहाटे पाच-सहाच्या दरम्यान सुटतात आणि दोन्हींत बसायच्या खुर्च्या असतात. मांडवी सकाळी सातनंतर सीएसएमटीहून निघते. ती दादर, ठाणे, पनवेलला थांबते, त्यामुळे तुम्ही ठाण्याला चढू शकता. तिच्यात स्लीपर आणि एसीचे बर्थ असल्यामुळे सत्तरीपुढच्यांना दुपारी पाठ टेकता येते. चौदा जणांच्या अशा मिश्र घोळक्याला आम्ही मांडवीच सुचवू.

तिची एक उणी बाजू आहे. पावसाळी वेळापत्रकात मडगावला पोचेपर्यंत रात्र होते, त्यामुळे गोव्यातले मांडवी आणि झुआरी नद्यांवरचे पूल अंधारात निघून जातात. ते बघायचेच असतील तर जनशताब्दी घ्या किंवा परतीचा प्रवास दिवसाचा ठेवा.

जागं राहायचं कुठे, तर रोह्यानंतर. कोकण रेल्वे तिथून सुरू होते. करंजाडी ते खेड हा पट्टा डोंगरातला, तिथेच चार किलोमीटरहून लांब असा नातूवाडीचा बोगदा लागतो. चिपळूणला वाशिष्ठी नदी. संगमेश्वर सोडलं की सगळ्यांना खिडकीशी बोलवा: उक्षी स्टेशनजवळ रानपाटचा धबधबा गाडीतून दिसतो आणि त्यापुढे उक्षी-भोके दरम्यान साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आहे. धबधबा काही क्षणच दिसतो, त्यामुळे मोबाइल शोधत बसलात तर हुकलाच. रत्नागिरी सोडल्यावर थोड्याच वेळात पानवल नदीवरचा पूल येतो, उंची 64 मीटर. खाली बघितलं तर माडांचे शेंडे पायाखाली असतात. वैभववाडीपासून कणकवली-कुडाळपर्यंत डोंगर जरा मागे सरतात आणि भातखाचरं सुरू होतात. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर लावणी चालू असलेली दिसेल.

चौदा जणांचं तिकीट एकत्र कसं काढायचं? आणि आईला हमखास खालचा बर्थ कसा मिळेल?
— एक वाचक, ठाणे. याच आशयाची पत्रं नाशिक आणि इंदूरहूनही

आगाऊ आरक्षण 60 दिवस आधी सकाळी 8 वाजता उघडतं. एका तिकिटावर सहाच जण बसतात, म्हणजे चौदा जणांना किमान तीन पीएनआर होणार. इथे बहुतेक जण घरं धरून तिकिटं काढतात आणि नेमके आजी-आजोबा वरच्या बर्थवर जातात.

त्याचं कारण असं. ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे: पुरुष 60 वर्षांपुढचे, स्त्रिया 45 वर्षांपुढच्या. पण त्या तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असावे लागतात. सहा जणांच्या तिकिटात आजीचं नाव टाकलं की तो कोटा लागू होत नाही, नुसती 'शक्य असल्यास' अशी विनंती राहते. म्हणून ज्येष्ठांची तिकिटं दोघा-दोघांची वेगळी काढा. तुमचे तिघं असतील तर तिसऱ्यांसोबत 45 पुढच्या एखाद्या काकू घाला. उरलेले दहा जण पाच-पाच करून दोन तिकिटांवर घ्या. बुकिंग करताना पसंतीच्या डब्याचा क्रमांक टाकायची सोय आहे. सगळ्या तिकिटांवर एकच डबा टाका आणि दोघा-तिघांनी एकाच वेळी वेगवेगळ्या खात्यांवरून बुकिंग करा. खाती आधारने आधीच पडताळून ठेवा, आठ वाजता ओटीपीची वाट बघत बसायला वेळ नसतो.

मुलांचं: पाच वर्षांखालच्यांना वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते अकरा वयाच्यांना बर्थ न घेता अर्धं भाडं पडतं, बर्थ घेतला तर पूर्ण. चौदा तासांच्या आसपासच्या प्रवासात आठ वर्षांच्या मुलाला मांडीवर घेणं कुणालाच झेपत नाही. त्याचा बर्थ घ्याच.

तिकिटं वेगळी काढली की प्रत्येक पीएनआरमागे किमान एकाकडे मूळ ओळखपत्र हवं. सगळी कार्डं एकाच पिशवीत आणि ती पिशवी भलत्याच डब्यात, असं झालं की टीसीसमोर धावपळ होते. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवर राहिलं तर आपोआप रद्द होतं, ते घेऊन आरक्षित डब्यात चढू नका. सकाळच्या गाड्यांचा चार्ट आता आदल्या रात्री आठपर्यंत लागतो, त्यामुळे कळायला वेळ मिळतो.

खिडकी डावीकडची घ्यावी की उजवीकडची? व्हिस्टाडोमला एवढे पैसे घालावेत का?
— एक वाचक, पुणे

मुंबईहून गोव्याकडे जाताना डावीकडे सह्याद्री, उजवीकडे समुद्राची बाजू. महाराष्ट्रात या मार्गावरून समुद्र जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे त्या आशेने उजवी बाजू धरू नका. पावसाचा वाराही नैऋत्येकडून येतो, म्हणजे सर आली की उजवीकडच्या खिडक्यांतून पाणी आत येतं आणि शटर ओढावं लागतं. डावीकडची खिडकी जास्त वेळ उघडी ठेवता येते. मात्र कुठला क्रमांक डावीकडे येईल हे आधी सांगता येत नाही, डबा कोणत्या तोंडाने जोडलाय त्यावर ते ठरतं.

त्यापेक्षा खिडक्या मोजून घ्या. स्लीपरच्या एका कप्प्यात आठ बर्थ असतात. 1 आणि 4 खालचे, 7 साइड लोअर, 8 साइड अप्पर. पुढे आठ-आठ मिळवत जा. दिवसा 7 आणि 8 वाले खालीच समोरासमोर बसतात, म्हणजे आठांपैकी चौघांना खिडकी मिळते. दर मोठ्या स्टेशनला जागा बदलायच्या असं आधीच ठरवलंत तर मुलांची भांडणं टळतात.

एसीत काच बंद असते. तिच्या दोन थरांत ओल शिरली असेल तर आतून कितीही पुसा, बाहेरचं धूसरच दिसणार. मातीचा वास नाही, पाण्याचा आवाज नाही. ज्यांना दम्याचा त्रास आहे किंवा गार वारा सोसत नाही त्यांच्यासाठी थ्री एसी ठीक. बाकीच्यांनी पावसात स्लीपरनेच जावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

व्हिस्टाडोमच्या डब्यात 44 खुर्च्या, त्या फिरवता येतात, खिडक्या मोठ्या आणि छताला काचा. छताच्या काचेवर पावसाचं पाणी सतत वाहत असतं, त्यामुळे वरून दिसतं ते मुख्यतः ढगाळ आभाळ आणि कटिंगचे, म्हणजे डोंगर कापून केलेल्या वाटेचे कडे. पैसे वसूल होतात ते बाजूच्या मोठ्या खिडक्यांमुळे. टोकाला उभं राहून बघायची जागाही असते, पण ते टोक इंजिनाकडे किंवा दुसऱ्या डब्याकडे असलं तर तिथून काही दिसत नाही.

पावसात या गाड्या एवढ्या रखडतात का? आम्ही मडगावहून त्याच रात्रीचं विमान धरणार होतो.
— एक वाचक, बेंगळुरू

ते विमान दुसऱ्या दिवसाचं करा.

सह्याद्रीतून समुद्राकडे उतरणाऱ्या डोंगररांगा हा मार्ग आडव्या कापत जातो. म्हणून बोगदा, कटिंग, पूल, पुन्हा बोगदा असा क्रम सारखा चालू असतो. कटिंगच्या उतारावरची माती आणि जांभा पाणी पिऊन जड झाले की दरड सुटते. 2003 च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ आणि 2004 च्या जूनमध्ये करंजाडीजवळ मोठे अपघात झाले. पावसाळ्यातल्या वेगमर्यादा आणि वेगळं वेळापत्रक त्या धड्यांना धरून आहे. जोराच्या पावसात पुढचं नीट दिसत नसेल तर चालकाने ताशी 40 किलोमीटरनेच जायचं असतं. दरडप्रवण जागी रात्रंदिवस गस्त असते. पानवलचा पूल, गोव्यातले मांडवी आणि झुआरीवरचे पूल आणि कर्नाटकातला शरावतीचा पूल इथे वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं आहेत. वारा मर्यादेबाहेर गेला की गाडी अलीकडेच थांबवतात. वाशिष्ठी, सावित्री आणि काळ नदीच्या पुलांवर पाणी चढल्याची सूचना देणारी यंत्रणा आहे.

त्यात मार्ग बराचसा एकेरी. दुहेरीकरण रोहा ते वीर एवढंच झालंय. समोरून येणारी गाडी चिपळूणला अडकली की तुमची गाडी पुढच्या एखाद्या छोट्या स्टेशनात क्रॉसिंगसाठी उभी राहते, आणि एकाचा उशीर चार गाड्यांना चिकटतो. अशा वेळी एखादी गाडी आडवलीसारख्या लहान स्टेशनात अर्धा तास थांबली तर ते बिघाडाचं लक्षण नसतं.

कधी प्रकरण तासांवर राहत नाही. जुलै 2024 मध्ये पेडणे बोगद्यात पाणी शिरलं आणि काही दिवसांतच दिवाणखवटीजवळ दरड आली, तेव्हा गाड्या रद्द झाल्या, काही वळवल्या. अशा वेळी नियम लक्षात ठेवा: तुमच्या स्टेशनात गाडी तीन तासांहून जास्त उशिरा येणार असेल आणि तुम्हाला जायचं नसेल, तर गाडी तिथून सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे पैसे परत मागण्याचा अर्ज भरा, पूर्ण पैसे परत मिळतात. गाडी गेल्यावर भरलात तर मिळत नाहीत. गाडीच रद्द झाली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप येतात. चौकशीसाठी 139.

अजून एक गोष्ट फार जणांना नडते. 2025 मध्ये पावसाळी वेळापत्रक 15 जून ते 20 ऑक्टोबर होतं. या काळात मडगावहून परतणाऱ्या दिवसाच्या गाड्या नेहमीपेक्षा लवकर सुटतात, कधी तास-दोन तास. पाठ असलेल्या वेळेवर स्टेशन गाठलंत तर गाडी निघून गेलेली असेल.

दिवसभराच्या प्रवासाला डब्यात काय न्यावं? मागच्या वेळी पुऱ्यांना दुपारीच वास आला.
— एक वाचक, सांगली

पुऱ्या गरम असताना झाकण लावलं असणार. वाफ आत कोंडते, झाकणाला पाणी सुटतं आणि तेच पुऱ्यांवर ठिबकतं. दमट हवेत तेवढं पुरतं. पुऱ्या जाळीवर किंवा कापडावर पूर्ण गार करा, डब्यात खाली सुती फडकं घाला आणि मगच भरा. तिखटमिठाच्या पुऱ्या थोड्या घट्ट भिजवून, मंद आचेवर तळलेल्या टिकतात. दुधात भिजवलेल्या दशम्या त्याहून भरवशाच्या, दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. सोबत सुक्या खोबऱ्याची लसणाची चटणी किंवा शेंगदाण्याची. ओल्या नारळाची चटणी, बटाट्याची ओलसर भाजी आणि दहीभात पावसाळ्यात दुपारनंतर खायचे नाहीत. बटाटा न्यायचाच असेल तर कांदा न घालता, काचऱ्या कुरकुरीत परतून.

चौदा जणांना सकाळ-दुपार मिळून माणशी चार दशम्या धरा, शिवाय चिवडा आणि केळी. सगळं घरचंच हवं असंही नाही. मांडवीच्या पॅन्ट्रीची ख्याती आहे आणि गरम वडा हातात घेऊन पाऊस बघणं सोडू नये. स्टेशनावर उतरून खायला मात्र जाऊ नका, बहुतेक थांबे दोन-पाच मिनिटांचे असतात.

दूधसागर याच मार्गावर लागतो का? तिथे उतरता येतं का?
— एक वाचक, कोल्हापूर

नाही, आणि नाही. दूधसागर कॅसलरॉक-कुळे घाटात, लोंढ्याहून गोव्यात उतरणाऱ्या मार्गावर आहे. तुम्हाला मिरजेहून जाणारी गोवा एक्स्प्रेस सोयीची, पण गोव्याहून परतताना धबधबा दिवसाउजेडी लागतो. जाताना घाटात अंधार असतो. धबधब्याशी उतरायला बंदी आहे. रुळांवरून चालत गेल्यास रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

नेरळहून माथेरानची गाडी जुलैत मिळेल का?
— एक वाचक, वसई

पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज बंद असते. अमन लॉज ते माथेरान एवढीच शटल चालते.

आम्ही कॉलेजचे मित्र. दारात उभं राहून शूटिंग करायचं आहे. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, रत्नागिरी

चालत्या गाडीत दारात उभं राहू नका. पायरी ओली आणि शेवाळलेली असते, दांडा निसटतो, आणि बोगद्याची भिंत किंवा विजेचे खांब डब्याला इतके खेटून असतात की हात बाहेर काढायलाही जागा नाही. पायरीवरून प्रवास करणं कलम 156 खाली गुन्हाही आहे.

चांगलं चित्रण खिडकीतूनच होतं. मोबाइल काचेला अगदी टेकवा, फ्लॅश बंद ठेवा आणि आतल्या दिव्याचं प्रतिबिंब येत असेल तर गडद रुमालाने आडोसा करा. उघड्या खिडकीतून घेताना मोबाइल गजांच्या आतच ठेवा आणि दोरी मनगटाला बांधा. वळणावर पुढचे डबे दिसतात, तो क्षण हवा असेल तर मागच्या डब्यांतली जागा घ्या.

उतरताना सगळ्यांसाठीच एक सूचना: कुडाळ किंवा सावंतवाडीला उतरणार असाल तर दहा मिनिटं आधी सामान दाराजवळ आणा, अर्धे जण एका दाराने, अर्धे दुसऱ्या. छत्री बॅगेच्या तळाशी नको, हातात हवी. लहान स्टेशनांवर छप्पर सगळ्या प्लॅटफॉर्मवर नसतं. सावंतवाडी रोड स्टेशन शहरात नाही, मळगावात आहे. रात्री पोचणार असाल तर रिक्षा किंवा गाडी आधीच सांगून ठेवा.