प्रवाळावरचा तपकिरी चिकटा

प्रश्न : माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतील ‘टॉर्च’ या दगडी प्रवाळाच्या एका मुंडक्यावर तपकिरी, शेंबडासारखा थर आला असून मांस गळून पांढरा सांगाडा दिसू लागला आहे. टाकीतच प्रतिजैविक घालावे का? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : टाकीत मुळीच घालू नये, अमोनियाचे नायट्रेट करणारे उपयुक्त जिवाणूही त्याने मरू शकतात आणि दुखण्यापेक्षा औषध जड होते. प्रथम पंप बंद करून तो थर नळीने ओढून काढावा, कारण प्रवाहाबरोबर तो शेजारच्या प्रवाळांवर जाऊन बसतो. मग रोगट मुंडके कापून वेगळे करावे आणि उरलेला भाग, टाकीचेच पाणी वेगळ्या भांड्यात घेऊन त्यात बाटलीवरील प्रमाणाने आयोडीन मिसळून, बुडवून काढावा. अशा थरात जिवाणूंबरोबर फिलास्टर नावाचे एकपेशीय जीवही आढळतात, त्यामुळे केवळ प्रतिजैविकावर भिस्त ठेवता येत नाही. फ्लोरिडात 2014 पासून पसरलेल्या प्रवाळरोगावरही अमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाचा लेप जखमेपुरताच लावतात. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये चिलरवाचून (पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्रावाचून) पाणी तापते आणि प्रवाळांना रोग जडवणाऱ्या व्हिब्रिओ जिवाणूंना तेच हवे असते; तापमान 25-26 अंश राखावे. (दगडी प्रवाळे वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या जीवांच्या यादीत आहेत, आपल्याकडे कागदपत्रे आहेत ना?)