पेशीला भाऊ येत नसतो

प्रिय बाबू,

सोमवारी तुझी माय माझ्याकडे आली होती. आत ये म्हटलं तरी आली नाही. दारातूनच विचारलं, "भाऊजी, ऐपतीचा दाखला कुठून काढते?" मी म्हटलं, कोणासाठी? तर म्हणे, "कोनासाठीच नाही, इचारून ठेवतो."

जामिनाला सातबारा लागतो, तहसीलचा ऐपतीचा दाखला लागतो, हे तिनं कुठून तरी आधीच ऐकून ठेवलं होतं. तुझ्यावर अजून एकही गुन्हा दाखल नाही आणि ती तयारीला लागली आहे. त्या रात्री मला झोप आली नाही, म्हणून लिहायला बसलो.

तू रात्री रेतीच्या घाटावर जातोस हे गावाला ठाऊक आहे. रेती भरत नाहीस, फाट्यावर गाडी लावून बसतोस आणि महसूलवाल्यांची जीप निघाली की लोकेशन देतोस. पुलावर तलवारीनं केक कापलास, तो स्टेटस मी माझ्या भाच्याच्या मोबाईलवर पाहिला. मागे त्या रेतीवाल्या म्होरक्याची, तुम्ही पोरं ज्याला भाऊ म्हणता त्याची बोलेरो उभी होती. भाऊ मात्र कुठंच दिसला नाही. तू ते नीट पाहिलं नसशील. अठ्ठावीस वर्षं मी फौजदारी वकिलाकडे मुन्शी होतो, माझं लक्ष आधी तिकडेच गेलं.

एका पोराचं सांगतो. नाव सांगत नाही, त्याचा बाप अजून आहे. घरी चार एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि तूर. पोरगं तुझ्यासारखंच, कबड्डीत चपळ. दोन गटांत घाटावरून भांडण झालं, काठ्या-रॉड निघाले, एकाचं डोकं फुटलं. रॉड कोणाचा लागला हे देवाला माहीत, पण फिर्यादीत पहिलं नाव ह्याचं आलं, कारण सगळ्यांत पुढे हाच होता. भाऊ म्हणाला, "वकिलाचं मी पाहतो, टेन्शन नको घेऊ." पीसीआरचे म्हणजे पोलीस कोठडीचे दिवस संपले, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली, पोरगं जेलात गेलं, तोवर भाऊचा फोन बंद. वकिलाची पहिली फी बापानं बैलजोडी विकून आणली. त्या नोटा मी मोजून घेतल्या होत्या. त्याचं मला आजही लागतं.

अडीच महिन्यांनी जामीन झाला. पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक आली आणि दोन्ही गटांच्या म्होरक्यांची तडजोड झाली. एकाच मांडवात जेवले. फिर्यादीनं भाऊचं नाव साक्षीत घेतलंच नाही. पोराचं घेतलं, कारण कोणाचं तरी घ्यावं लागणारच होतं. सहा वर्षं ते पोरगं पेशीला येत राहिलं. सकाळची एसटी, दिवसभर कोर्टाच्या वऱ्हांड्यात बसणं, पुकारा झाला की आत जाऊन पुढची तारीख घेणं. त्या दिवसाची मजुरी बुडायची ती वेगळीच. वेचणीच्या हंगामात तर त्याची माय त्याच्या वाट्याचाही कापूस वेचायची. सहा वर्षांत भाऊ एकदाही कोर्टाच्या आवारात दिसला नाही. शेवटी पोरगं सुटलं. तोवर त्याचं लग्नाचं वय निघून गेलं होतं आणि चार एकरांतले दीड सावकाराकडे गेले होते.

आपल्याकडे सालदाराचं साल पाडव्याला संपतं. बोललेले पैसे घेतो, पटलं नाही तर दुसऱ्याच्या वाड्यावर जातो. कापूस वेचणारी बाईसुद्धा संध्याकाळी वजन करून हिशेब मागते. तू भाऊकडे हिशेब मागून पाहिलास का? रात्रीचे पाचशे, बिर्याणी आणि पेट्रोल, यापुढे तुझ्या हाती काय आलं ते एकदा कागदावर लिही.

आता कायद्याचं. हे कोणी तुला सांगणार नाही. धोकादायक व्यक्तींना स्थानबद्ध करण्याचा 1981 चा कायदा आहे, ज्याला सगळे एमपीडीए म्हणतात. वाळू तस्कर हा शब्द आता त्या कायद्याच्या नावातच आहे. खटला न चालवता एक वर्षापर्यंत आत ठेवता येतं. दुसरी तडीपारी. मुंबई पोलीस कायदा म्हणायचे तो 1951 चा, त्याच्या कलम 56 खाली दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढतात. पोरं तडीपारीला मोठेपणा समजतात. मी पाहिलेला तडीपार मुलगा मावशीच्या घरी ओसरीत झोपायचा. आजी गेली तेव्हा परवानगीचा कागद हाती पडेपर्यंत माती होऊन गेली होती. तसाच आला असता तर पुन्हा अटक.

आणि मकोका, टोळ्यांच्या संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, 1999 चा. तिथं तुझ्यावर आधी गुन्हे असलेच पाहिजेत असं नाही. मागच्या दहा वर्षांत टोळीवर एकाहून जास्त दोषारोपपत्रं झालेली असली आणि तू त्या टोळीतला ठरलास, की नुसत्या सदस्यत्वाला किमान पाच वर्षं कैद आणि किमान पाच लाख दंड. दोषारोपपत्रासाठी पोलिसांना 180 दिवस मिळू शकतात, जामीन फार अवघड. भाऊचे जुने गुन्हे असे तुझ्या डोक्यावर येतात. पाच लाख तुझ्या घरात कधी एकत्र पाहिलेत का?

तुम्ही पोरं ज्यांचे फोटो लावता त्यांचंही पाहा. अरुण गवळीला 2012 साली जन्मठेप झाली. मुंबईत एवढं नाव, पण आपल्या नागपूरच्या जेलमधून काही दिवसांच्या संचित रजेसाठी हायकोर्टात अर्ज करावे लागत होते. पेपरात ती बातमी आली की मी कोर्टातल्या पोरांना वाचून दाखवायचो.

त्या तलवारीचंही सांगतो. व्हिडिओवरून हत्यार कायद्याचे गुन्हे सर्रास दाखल होतात, कलम 4/25. तू पोलीस भरतीसाठी पहाटे धावायचास, मी फिरायला निघालो की भेटायचास. निवड झाली तरी पुढे चारित्र्य पडताळणी असते आणि तिथं दाखल गुन्हे विचारतात. लपवले तर लपवल्याबद्दल नाव कटतं. तो व्हिडिओ आजच काढ, ज्याच्या ज्याच्या मोबाईलवर गेला असेल त्यालाही काढायला सांग.

अजून एक, हे फार महत्त्वाचं. भाऊनं दिलेला छोटा फोन आहे ना, त्यातलं सिम कोणाच्या आधारवर आहे? तुझ्या असेल तर कॉलच्या सगळ्या नोंदी तुझ्या नावानं निघतील, बोललेलं कोणाचंही असो. रेतीचा ट्रॅक्टर कोणाच्या नावावर आहे तेही विचार. तुझ्या किंवा तुझ्या बाबांच्या नावानं कर्ज काढून घेतला असेल तर मला लगेच सांग. रागावणार नाही.

आज रात्री फाट्यावर जाऊ नको. ताप आहे म्हण. रविवारी दुपारी घरी ये, तो फोन आणि आधार कार्ड घेऊन. सिम बंद करायचा अर्ज मी लिहून देतो, सोमवारी आपण दोघं तालुक्याला जाऊ. भाऊनं बोलावलं तर माझं नाव सांग, म्हणावं काकांकडे कामाला लागलो. मी त्याच्या बापाला ओळखतो, बोलायचं ते मी बोलेन.

मायला काही सांगू नको. तिला फक्त म्हण, काकांनी रविवारी जेवायला बोलावलंय. काकूनं पाटवड्यांचा रस्सा करायचं ठरवलंय.

तुझा काका