कामेच्छा मंदावली, तर तपासावे काय?

प्रश्न : माझे वय ४६ आहे. वर्षभरापासून कामेच्छा मंदावली असून सतत थकवा जाणवतो. टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन घ्यावे का?

उत्तर : तपासणीआधी मुळीच नाही. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक सकाळी सर्वाधिक असते. म्हणून सकाळी ७ ते १० दरम्यान, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त तपासून दोन्ही वेळा ते कमी आढळले, तरच कमतरता मानतात. मधुमेह, पोटावरची चरबी, अपुरी झोप आणि नैराश्यावरील काही गोळ्यांमुळेही इच्छा मंदावते. त्यामुळे साखर, थायरॉइड व प्रोलॅक्टिन (मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीचे संप्रेरक) हेही पाहावे. घोरत असाल, तर डॉक्टरांना तेही सांगा; झोप बिघडत असल्याचे ते लक्षण असू शकते. इंजेक्शनाने शुक्रजंतूंची निर्मिती घटते, हे अपत्य हवे असणाऱ्याने आधीच जाणून घ्यावे. ताठरताही कमी झाली असेल, तर हृदयाची तपासणी टाळू नका. शिश्नाच्या रोहिण्या अरुंद असल्याने रक्तवाहिन्यांचा आजार अनेकदा तेथेच आधी जाणवतो.