नोकरी सोडून गेम अ‍ॅनिमेशन शिकावं का? आधी महिने मोजा

प्रश्न: माझं वय ३१. विमा दाव्यांची कागदपत्रं तपासण्याची नोकरी आहे. लहानपणापासून चित्रं काढतो आणि गेलं वर्षभर व्हिडिओ गेममधल्या पात्रांचं अ‍ॅनिमेशन शिकायचं डोक्यात घट्ट बसलंय. दीड वर्षाचा, सहा सत्रांचा ऑनलाइन अभ्यासक्रम निवडलाय. फी आमच्या नऊ महिन्यांच्या घरखर्चाएवढी, आणि त्यांनी सुचवलेला कॉम्प्युटर आणखी तीन महिन्यांच्या खर्चाएवढा. माझा पगार महिन्याच्या खर्चाच्या ९० टक्के, पत्नीचा ६० टक्के, म्हणजे दर महिन्याला अर्ध्या महिन्याचा खर्च शिल्लक पडतो. मुलगा चार वर्षांचा. अडीअडचणीसाठी आठ महिन्यांचा खर्च बँकेत आहे, निवृत्तीसाठी चौदा महिन्यांचा वेगळा. नोकरी सांभाळून शिकणं जमेलसं वाटत नाही, म्हणून राजीनामा द्यायचा विचार आहे. कमी पडेल तेवढं कर्ज काढू. सगळी फी एकदम भरली तर १० टक्के सवलत आहे, ती महिनाअखेर संपते. काय करावं?

उत्तर: रकमा न लिहिता सगळं घरखर्चाच्या महिन्यांत लिहिलंत, ते फार बरं केलंत. मीही क्लायंटना हेच सांगते. रक्कम मोठी की लहान हे समोरच्यावर ठरतं, पण ‘सहा महिन्यांचं घर’ म्हटलं की कुणालाही अंगावर येतं.

मग त्याच मापानं मोजू. तुम्ही नोकरी सोडलीत की घरात फक्त पत्नीचा पगार उरतो, म्हणजे दर महिन्याला ०.४ महिन्यांची तूट. दीड वर्षात ती ७.२ महिने होते. अभ्यासक्रम संपल्यावर दुसऱ्याच दिवशी काम हातात पडत नाही. पोर्टफोलिओ पाठवणं, चाचण्या देणं, नकार पचवणं यासाठी मी आठ महिने धरते. त्यांचे आणखी ३.२. त्यात फी आणि कॉम्प्युटरचे १२ मिळवा. एकूण २२.४ महिने. अडीअडचणीचे आठ पूर्ण संपवले तरी १४.४ कमी पडतात. निवृत्तीचे तुमच्याकडे चौदा आहेत. ‘कमी पडेल तेवढं कर्ज’ हे जे तुम्ही एका वाक्यात उरकलंत, ते तुमच्या निवृत्तीच्या सगळ्या पुंजीहून मोठं आहे, आणि मी अजून व्याज धरलेलंच नाही.

हिशेब इथे संपत नाही. याच २६ महिन्यांत नोकरी चालू राहिली असती, तर १३ महिन्यांची बचत झाली असती. ती होणार नाही. दोन्ही मिळून या निर्णयाची खरी किंमत ३५.४ महिने, म्हणजे जवळजवळ तीन वर्षांचं घर. त्यात फी फक्त नऊ महिन्यांची, साधारण चौथा हिस्सा. तुमचं पत्र सगळं फीबद्दल आहे आणि खर्च सगळा राजीनाम्यात आहे.

पुढे समजा सगळं छान झालं आणि पगार आजच्यापेक्षा एक तृतीयांशानं वाढला. तरी दर महिन्याला ०.३ महिने जास्त मिळणार. त्या वेगानं ३५.४ भरून यायला ११८ महिने लागतात. जवळपास दहा वर्षं. शिवाय नवख्या अ‍ॅनिमेटरचा पगार पहिल्या दिवसापासून तुमच्या आजच्या पगारापेक्षा जास्त असेल, हे मी तुमच्या बाजूनं धरलंय. बहुधा तसं होणार नाही.

एवढं वाचून ‘बाईंनी नकोच म्हटलं’ असं समजू नका. मी राजीनाम्याला नको म्हणतेय. शिकण्याला नाही.

माझी भाची एका गेम स्टुडिओत हेच काम करते. शिकत होती तेव्हा तिनं एकदा लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. स्क्रीनवर एक करडं पात्र जागच्या जागी चालत होतं, पण दर फेरीला कुठेतरी ठेका चुकल्यासारखं अडखळत होतं. “मावशी, बघ, कुठे अडतंय?” मला काय कळणार! तिनंच सांगितलं. चालण्याच्या चक्रात, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या त्याच पावलांत, पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमला, म्हणजे स्थिर चित्राला, एकच पोझ असते. दोन्ही वाजल्या की तीच पोझ लागोपाठ दोनदा दिसते आणि चाल क्षणभर थिजते. शेवटची फ्रेम सोडून द्यायची, की चक्र सुरळीत फिरतं. या चुकीपायी तिच्या दोन संध्याकाळ गेल्या होत्या. मार्गदर्शकानं ती दहा सेकंदांत दाखवली.

तुम्ही फी देताय ती त्या दहा सेकंदांसाठी. सॉफ्टवेअर फुकट आहे, व्याख्यानं ढिगानं पडलेली आहेत. अ‍ॅनिमेशनसाठी वापरतात त्या ब्लेंडरचीच गोष्ट घ्या. २००२ मध्ये लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो वर्गणी जमवून ते सॉफ्टवेअर कंपनीच्या ताब्यातून सोडवलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं. आज तुम्हाला ते विनामूल्य मिळतं. गोदो हे गेम इंजिन, म्हणजे गेम ज्यावर बांधतात आणि चालवतात ते सॉफ्टवेअर, पूर्ण मोफत. अनरियलही शिकण्यासाठी मोफतच. विकत घ्यावी लागते ती जाणत्याची नजर. म्हणून अभ्यासक्रम निवडताना माझा पहिला प्रश्न असतो, की दर आठवड्याला तुमचं काम कोण तपासणार, किती मिनिटं तपासणार आणि ती व्यक्ती सध्या गेममध्ये काम करते का. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंचा साठा नऊ महिन्यांच्या घरखर्चाला कुणी विकत असेल, तर घेऊ नका.

दुसरा प्रश्न: तुमचं काम इंजिनात कधी घालायला लावतात? सिनेमाचं आणि गेमचं अ‍ॅनिमेशन इथे वेगळं होतं. १९८१ मध्ये डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी मांडलेली बारा तत्त्वं दोन्हीकडे शिकवतात. त्यातलं एक म्हणजे पूर्वतयारी, अर्थात ठोसा मारण्याआधी हात मागे घेणं. सिनेमात ती ऐसपैस दाखवता येते. गेममध्ये खेळणाऱ्यानं बटण दाबलेलं असतं. सेकंदाला ६० फ्रेम्स धरल्या तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. हात मागे घेण्यात अशा वीस गेल्या, तर खेळणारा म्हणतो, “पात्र ऐकतच नाही.” मग पूर्वतयारी कापायची आणि ठोशाचं वजन नंतरच्या झोकात दाखवायचं. हे गेममध्ये खेळून पाहिल्याशिवाय उमगत नाही, असं भाची म्हणते. दीड वर्षात इंजिनाचं नावही निघणार नसेल, तर तो चांगला अभ्यासक्रम असेलही, पण तुमच्या कामाचा नाही.

आता बाजार. २०२३ पासून गेम उद्योगात नोकरकपातीची लाट आली. अनरियल बनवणाऱ्या एपिक कंपनीनं सप्टेंबर २०२३ मध्ये सुमारे १६ टक्के लोक कमी केले, मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२४ मध्ये गेमिंग विभागातले १,९०० आणि सोनीनं पुढच्याच महिन्यात प्लेस्टेशनमधले सुमारे ९००. नवख्याच्या दृष्टीनं याचा अर्थ असा, की एकाच जागेसाठी त्याच्या रांगेत दहा वर्षं काम केलेला माणूसही उभा असतो. शिवाय तयार हालचालींचे साठे वाढताहेत. मिक्सामो या संकेतस्थळावर त्या केव्हापासून फुकट मिळतात, आणि २०२४ मध्ये एपिकनं पाचशेहून अधिक अ‍ॅनिमेशन्सचा नमुना प्रकल्प मोफत दिला. साधं चालणं, पळणं, वळणं करून देणाऱ्याला त्यामुळे भाव कमी. ते साठे गेममध्ये नीट बसवणारा, दोन हालचालींमधला सांधा गुळगुळीत करणारा, मोशन कॅप्चरमधले, म्हणजे खऱ्या माणसाच्या टिपलेल्या हालचालींमधले, घसरणारे पाय जमिनीला टेकवणारा माणूस मात्र लागतोच.

इथे मला तुमची आजची नोकरी उपयोगाची वाटते. दाव्यांच्या कामात तुम्ही नियम, अपवाद, ‘हे असेल तर ते’ यातच दिवस काढता. गेममध्ये पात्र उभं राहण्यातून पळण्यात आणि पळण्यातून उडीत कोणत्या अटीवर जातं, याचा असाच तक्ता बांधावा लागतो. ब्लेंडर आणि माया या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा चालते. थोडं स्क्रिप्टिंग, म्हणजे तिच्यात छोटे प्रोग्राम लिहिणं, शिकलात, तर टेक्निकल अ‍ॅनिमेटरची वाट उघडते आणि तिथे गर्दी कमी असते. चित्रं काढणाऱ्या माणसाला हा सल्ला रुक्ष वाटेल, कल्पना आहे.

तर करायचं काय? पहिले तीन महिने एक पैसाही खर्च करू नका. नोकरी चालू, ब्लेंडर डाउनलोड, आठवड्याला बारा तास. तीन महिन्यांत दीडशेहून जास्त तास होतात. आधी उसळणारा चेंडू, एकदा रबराचा आणि एकदा लोखंडाचा, पाहणाऱ्याला न सांगता फरक कळेल असा. मग चालण्याचं चक्र. मग एक वार, इंजिनात बटणावर चालणारा. संदर्भासाठी फोनवर स्वतःचं चित्रण करा. जॉर्डन मेकनरनं १९८९ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गेमसाठी भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं होतं आणि त्यावरून फ्रेम्स बनवल्या होत्या. तुमच्या खिशात त्याच्यापेक्षा चांगला कॅमेरा आहे.

या काळात एक वही ठेवा. तारीख, किती तास बसलो, काय अडलं. दीडशे तास भरले का, यापेक्षा मला दुसरी गोष्ट बघायची आहे. एकच पाऊल चाळीस वेळा दुरुस्त करताना वैताग येतो की वेळेचं भान सुटतं? हे काम म्हणजे मुख्यतः तेच आहे. गेम खेळायला आवडणं आणि हे आवडणं यात बरंच अंतर आहे, आणि ते तीन महिन्यांत फुकटात समजतं.

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट दिसली. फी नऊ महिन्यांची, सत्रं सहा, म्हणजे एका सत्राला दीड महिना. तुमची बचत दरमहा अर्धा महिना, म्हणजे तीन महिन्यांत दीड. सत्रही तीन महिन्यांचंच. अभ्यासक्रम तुमच्या बचतीतून, कर्जाशिवाय, अडीअडचणीच्या पैशाला हात न लावता होतो! फक्त नोकरी सुटता कामा नये. मी तर दर चार महिन्यांनी एक सत्र घ्या म्हणेन. चार महिन्यांत दोन महिने साठतात, त्यातले दीड फीला आणि अर्धा निवृत्तीच्या खात्यात. सत्रांमधला मोकळा महिना मागे पडलेला गृहपाठ पूर्ण करायला. पण अभ्यासक्रमात अशी विश्रांती घेता येते का, ते आधी लेखी विचारा. नोकरीबरोबर जमणार नाही हे तुम्ही करून पाहून म्हणताय की अंदाजानं? आठवड्याला किती तास लागतात, तेही त्यांनाच विचारा.

कॉम्प्युटरचे तीन महिने मला जास्त वाटतात. एका पात्राचं रिग, म्हणजे त्याला हलवणारा आतला सांगाडा, हलवायला झगमगीत ग्राफिक्स कार्डापेक्षा बरा प्रोसेसर आणि पुरेशी रॅम महत्त्वाची. पहिल्या तीन महिन्यांची बचत, म्हणजे दीड महिना, एवढ्यात जे बसेल ते घ्या, वापरलेलं चालेल. अनरियलमध्ये जड प्रसंग उभे करायची वेळ येईल तेव्हा बघू. असं केलं तर एकूण खर्च साडेदहा महिने. मघाच्याच ०.३ च्या वाढीनं तो ३५ महिन्यांत, तीन वर्षांच्या आत भरून येतो.

सवलतीचं बोलू. १० टक्के म्हणजे ०.९ महिना. तो वाचवण्यासाठी ८.१ एकदम द्यायचे. दोन सत्रांनंतर सोडावंसं वाटलं, तर सत्रागणिक भरणाऱ्याचे फक्त तीन गेलेले असतात. म्हणजे ०.९ साठी तुम्ही ५.१ पणाला लावताय. माझ्या एका क्लायंटनं असंच केलं होतं. दुसऱ्या सत्रात चांगला मार्गदर्शक निघून गेला, जागी आलेला ‘छान, पुढे चला’ एवढंच लिहायचा, आणि परताव्याचं कलम बघायला गेलो तर ते फक्त पहिल्या चौदा दिवसांपुरतं होतं. तुम्ही दिवसभर इतरांच्या अर्जांतली बारीक अक्षरं वाचता, स्वतःच्या करारातलीही वाचा. ‘नोकरीची हमी’ असेल, तर कसली नोकरी, किती दिवसांत आणि न मिळाल्यास काय, या तीन गोष्टी शोधा.

राजीनामा कधी? हातात लेखी ऑफर असेल किंवा सलग सहा महिने फ्रीलान्स कामातून तुमच्या पगाराच्या निम्मे तरी येत असतील, तेव्हा. आणि तेव्हाही ते आठ महिने बँकेत जसेच्या तसे हवेत. स्टुडिओ प्रकल्प संपल्यावर माणसं कमी करतात, त्या दिवसासाठी ते आहेत.

पत्नीचं मत पत्रात कुठेच नाही. २६ महिने एकटीच्या पगारावर घर चालवायचं होतं ते त्यांनी. नव्या बेतातही आठवड्याचे बारा तास कुणाच्या तरी वाट्यातून येणार, आणि घरात चार वर्षांचा मुलगा आहे. कुठल्या संध्याकाळी तुमच्या आणि कुठल्या त्यांच्या, हे दोघांनी बसून ठरवा.

तीन महिन्यांनी मला पुन्हा लिहा. चालण्याचं चक्र पाठवलंत तरी मला त्यातलं काही कळणार नाही, ते भाचीला दाखवीन. तासांची वही मात्र मला पाठवा.