अमेरिकेत सर्दीच्या निरुपयोगी गोळ्यांवरून झालेल्या सामूहिक दाव्यात ग्राहकांना पैसे परत मिळतील का?

पाच-सहा वर्षांच्या पावत्या जपून ठेवल्यात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आधी तेच सांगतो. त्यांवर पैसे मिळतील या आशेवर राहू नका. देशभरातले दावे ब्रुकलिनच्या फेडरल कोर्टात एकत्र केले होते, ते न्यायाधीश ब्रायन कोगन यांनी २०२४ मध्ये फेटाळले. गोळी गुणकारी आहे असं मात्र कोर्टानं म्हटलेलं नाही. या गोळ्यांतलं नाक मोकळं करायचं औषध, फेनिलएफ्रिन, एफडीएच्या (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या) नियमावलीत मान्य होतं आणि कंपन्यांनी पाकिटावर त्या नियमावलीप्रमाणेच छापलं होतं. त्यामुळे राज्याच्या ग्राहक कायद्याखाली त्यांना दोषी धरता येत नाही, केंद्राचा कायदा वरचढ ठरतो.

मी न्यू जर्सीत फार्मसीच्या काउंटरवर उभा असतो. हा निकाल मला समजतो, पण पटत नाही.

पूर्वी नाक मोकळं करायला स्यूडोएफेड्रिन असायचं, ते खरंच काम करतं. त्यापासून मेथ हा अमली पदार्थ बनवतात, म्हणून २००६ च्या कायद्यानं ते काउंटरमागे गेलं. समोरच्या फळीवर फेनिलएफ्रिन आलं. ही गोळी गिळली की आतड्यात आणि यकृतातच औषध निकामी होतं, एक टक्काही धड रक्तात पोचत नाही. फ्लोरिडा विद्यापीठाच्या फार्मसी प्राध्यापकांनी २००७ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये एफडीएकडे अर्ज केले. एफडीएच्या सल्लागार समितीनं १६-० असं एकमतानं 'गोळीचा उपयोग नाही' म्हटलं ते सप्टेंबर २०२३ मध्ये! त्याआधीच्या एका वर्षात, २०२२ मध्ये, अशी सुमारे १.८ अब्ज डॉलरची औषधं विकली गेली होती. नाक चोंदलेलं लेकरू घेऊन रात्री दुकानात आलेल्या आयांचे पैसे आहेत ते. नोव्हेंबर २०२४ मध्ये एफडीएनं हा घटक नियमावलीतल्या मान्य औषधांच्या यादीतून काढण्याचा प्रस्ताव मांडला.

आता तुम्ही काय करायचं? काउंटरवर या आणि स्यूडोएफेड्रिन मागा. प्रिस्क्रिप्शन बहुतेक ठिकाणी लागत नाही, ओळखपत्र दाखवून सही करावी लागते. रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नाकात मारायच्या स्प्रेमधलं फेनिलएफ्रिन चालतं, तक्रार फक्त गोळ्या-सिरपबद्दल आहे. पण स्प्रे तीन दिवसांपलीकडे नको.

आणि भारतातून बॅगेत आणलेल्या सर्दीच्या पट्ट्याही उलटून बघा. त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांत हेच फेनिलएफ्रिन असतं, जोडीला पॅरासिटामॉल. इथलं टायलेनॉल म्हणजेही पॅरासिटामॉलच, त्यामुळे दोन्ही एकत्र घेऊ नका.