घरचे कोष जखमेवर बांधावेत का?

प्रश्न : आमची दीड एकर तुती आहे. रेशमाच्या पट्टीने जखमेतले जंतू मरतात असं वाचलं. सासूबाईंना मधुमेह आहे, टाचेची जखम महिनाभर भरत नाही. घरचेच कोष उकळून, धुऊन बांधले तर चालतील? आणि पतंगाने भोक पाडलेले कोष अशा पट्ट्यांसाठी चालतात का?
– एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : ताई, कोष बांधू नका, उकळलेलासुद्धा नको. सासूबाईंना उद्याच डॉक्टरांकडे न्या. मधुमेहात पाय बधिर होतो, म्हणून ‘दुखत नाही’ यावर विसंबू नका. वास येत असेल, कडा काळ्या पडल्या असतील किंवा ताप असेल, तर आजच निघा.

आता रेशमाचं. नुसतं रेशीम जंतू मारत नाही. ते काम त्यात घातलेल्या चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं किंवा प्रतिजैविकाचं. चांदीचं प्रमाणही बेतानंच ठेवावं लागतं, जास्त झाली तर नव्या कातडीच्या पेशींनाच इजा होते.

मग रेशीमच का? मी तीस वर्षं सर्जरीच्या वॉर्डात ड्रेसिंग केली. वाळलेला गॉज सलाइनने कितीही भिजवला, तरी सोडवताना नुकती धरलेली लालसर कातडी त्याच्याबरोबर निघायची आणि पेशंट चादर मुठीत आवळायचा. रेशमाचा पातळ पडदा ओल धरतो, त्यामुळे जखमेला तितका चिकटत नाही. शिवाय त्यातलं औषध हळूहळू सुटत राहतं. मला या पट्टीचं मोल वाटतं ते यासाठी.

पण हा पडदा चुलीवर होत नाही. कोषाचा साधारण पाव हिस्सा सेरिसिन, म्हणजे धाग्याचा डिंक. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात कोष अर्धा तास उकळून तो काढतात. उरतं ते फायब्रोइन, म्हणजे धाग्याचं मूळ प्रथिन. ते लिथियम ब्रोमाइडच्या तीव्र द्रावणात विरघळवतात, मग सगळा क्षार निघून जाईपर्यंत पाणी बदलत राहतात. पडदा ओततात तो त्यानंतर, आणि शेवटी निर्जंतुक करतात. तुमच्या पातेल्यातल्या कोषात डिंक राहील, अळीचे अवशेषही राहतील. उघड्या जखमेत ते नकोच.

भोक पडलेल्या कोषांचं म्हणाल, तर त्यांचा सलग धागा निघत नाही, म्हणून बाजारात भाव पडतो. इथे मात्र कोष कात्रीने कापूनच घेतात, त्यामुळे भोक आड येत नाही. डागाळलेले आणि आत अळी मेलेले तेवढे बाजूला काढा.