स्पेलिंग एक, उच्चार भलताच: गावांच्या नावांबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: कौंटी क्रिकेट बघताना कॉमेंटेटर लेस्टरशर, वुस्टरशर, ग्लॉस्टरशर म्हणतात आणि स्क्रीनवरचं स्पेलिंग वाचलं तर लायसेस्टरशायर, वॉरसेस्टरशायर होतं. मधली अक्षरं जातात कुठे? आणि मँचेस्टरमधली का जात नाहीत? (एक क्रिकेटप्रेमी वाचक)

या सगळ्या नावांचं शेपूट एकच आहे. लॅटिनमध्ये लष्करी छावणीला ‘कास्त्रा’ म्हणायचे, जुन्या इंग्रजीत त्याचं ‘चेआस्टर’ झालं आणि जिथे रोमन लोकांचं ठाणं किंवा तटबंदीचं गाव होतं तिथे ते नावाला चिकटलं. मँचेस्टर, विंचेस्टर, नुसतं चेस्टर, यांच्यात ‘च’ टिकला. लेस्टर, वुस्टर, ग्लॉस्टरमध्ये त्याचा ‘स’ झाला, आणि १०६६ नंतर आलेल्या नॉर्मन लोकांच्या फ्रेंच वळणामुळे तो झाला असं सहसा मानतात. आता गंमत बघा, ‘सेस्टर’मध्ये दोन ‘स’ पाठोपाठ आले, त्यात इंग्रजीत जोर नावाच्या पहिल्या भागावर, म्हणजे पुढचं सगळं घाईत उरकायचं, मग एक ‘स’ गिळला गेला. रोज शंभरदा घ्यायचं नाव असंच झिजतं, आपणसुद्धा लिहिताना ‘करत आहे’ लिहितो आणि बोलताना ‘करतोय’ म्हणतो, ‘पाहिजे’ लिहून ‘पायजे’ म्हणतो, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

म्हणून मला वाटतं खरा प्रश्न जिभेचा नाहीये, स्पेलिंगचा आहे. एक्सेटर घ्या. त्याचं जुनं नाव ‘एक्सनचेआस्टर’, म्हणजे शेपूट तेच, झीजही तशीच, पण तिथे लिहिणाऱ्यांनी बोलण्याबरोबर स्पेलिंगही बदलत नेलं, त्यामुळे एक्सेटर वाचताना कुणी अडखळत नाही. लेस्टरचं स्पेलिंग मात्र जुन्या रूपातच गोठलं. बिस्टरचं तेच. आणि नॉर्थॅम्प्टनशरमध्ये एक गाव आहे ज्याचं स्पेलिंग बघून टाउसेस्टर वाटतं आणि म्हणायचं असतं सरळ ‘टोस्टर’!

पण याचा नियम करायला जाऊ नका. सायरन्सेस्टरला पूर्वी ‘सिसिटर’ म्हणायचे, आज बहुतेक लोक लिहिलंय तसंच पूर्ण म्हणतात. डॅव्हेंट्रीला आधी ‘डेंट्री’ म्हणत. छापलेलं वाचून वाचून लोकांनी पिढ्यानपिढ्यांचा उच्चार टाकून दिला. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण कागदावरचं नाव कधी ना कधी ऐकूनच लिहिलेलं असतं आणि इथे कागदानेच बोलणाऱ्याला गप्प केलं.

प्रश्न: नोकरीसाठी नुकतीच इंग्लंडला आलेय. ऑफिसमध्ये लंडनचे लोक ‘न्यूकासल’ म्हणतात आणि मूळचा तिथलाच असलेला सहकारी ‘न्युकॅसल’ म्हणतो, तेही ‘कॅ’वर जोर देऊन. मी कुणाचं ऐकू?

सहकाऱ्याचं, त्याच्या गावाचं नाव आहे. पण इथे दोन गोष्टी एकात एक मिसळल्यात, त्या वेगळ्या करायला हव्यात. ‘कॅ’ की ‘का’ हा ॲक्सेंटचा भाग आहे. दक्षिण इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या सुमारास हा स्वर लांबत गेला, उत्तरेत आखूडच राहिला, म्हणून बाथ शहराचं नाव बाहेरचा उत्तरेतला माणूस ‘बॅथ’ असं म्हणतो आणि आंघोळीलासुद्धा तो तेच म्हणतो. ॲक्सेंट सगळ्या शब्दांना लागू होतो. जोर कुठे द्यायचा, कुठलं अक्षर गिळायचं हे मात्र त्या एका नावापुरतं असतं आणि ते आपलं आपण ओळखता येत नाही, सांगावंच लागतं. तेव्हा ॲक्सेंटची नक्कल करायला जाऊ नका, ती ऐकणाऱ्याला चिडवल्यासारखी वाटू शकते, पण नाव तेवढं शिकून घ्या. ग्रिनिच, नॉरिच, वॉरिकमधला ‘व’ खायचा, सदर्कमधलाही, एडिंबरा म्हणायचं, ‘बर्ग’ नाही.

ऑस्ट्रेलियात तर हे आणखी गुंतलंय. न्यू साउथ वेल्समधलं न्यूकासल ‘का’ने आणि व्हिक्टोरियातलं कॅसलमेन ‘कॅ’ने, आणि तिथले लोक या बाबतीत चांगलेच आग्रही आहेत. आणि प्रत्येक गाव एकमताचं असतं असंही नाही, इंग्लंडमधल्या श्रूझबरीला ‘श्रोझबरी’ म्हणायचं की ‘श्रूझबरी’ यावर गावातच दोन पक्ष आहेत.

प्रश्न: स्कॉटलंडमधल्या एका किल्ल्याच्या स्पेलिंगमध्ये स्पष्ट ‘झेड’ आहे आणि गाइड म्हणाला ‘कलेन’. हे कसं काय?

कारण तो ‘झेड’ नाहीच! जुन्या स्कॉट्स लिखाणात ‘यॉख’ नावाचं एक अक्षर होतं, साधारण तीनच्या आकड्यासारखं दिसणारं, आणि ते बरेचदा ‘य’सारख्या आवाजासाठी वापरायचे. छपाई आली तेव्हा छापणाऱ्यांकडे त्याचा खिळा नव्हता, मग दिसायला जवळचा म्हणून ‘झेड’ लावला. लोक बोलत राहिले तसंच, कागदावर मात्र वेगळंच अक्षर कायमचं बसलं. मेंझीस हे आडनाव स्कॉटलंडमध्ये ‘मिंगिस’ असं ऐकू येतं त्याचं कारणही हेच.

प्रश्न: कॅन्सस आणि आर्कन्सॉ, स्पेलिंगमध्ये पुढची दोन अक्षरं सोडली तर सारखीच नावं. मग उच्चार असे का?

दोन्ही नावं मूळ रहिवाशांच्या जमातींवरून आली, पण आर्कन्सॉ फ्रेंच लोकांच्या हातून आलं आणि फ्रेंचमध्ये शेवटचा ‘स’ सहसा उच्चारत नाहीत. कॅन्सस मात्र इंग्रजी पद्धतीने वाचलं गेलं. आर्कन्सॉच्या उच्चारावरून वाद इतका पेटला होता की त्या राज्याचे दोन सिनेटरच नाव दोन तऱ्हेने घ्यायचे, शेवटी १८८१ मध्ये तिथल्या विधिमंडळाने ठराव करून शेवटचा ‘स’ अनुच्चारित ठरवला. तरी आर्कन्सॉ नावाची नदी कॅन्सस राज्यातून जाते तेव्हा तिथले बरेच लोक तिला ‘आर्कॅन्झस’ म्हणतात.

अशी नावं अमेरिकेत पुष्कळ. टेक्सासमधलं शहर ‘ह्यूस्टन’, न्यूयॉर्कमधला त्याच स्पेलिंगचा रस्ता ‘हाउस्टन’, कारण नावं दोन वेगळ्या माणसांवरून पडलीत. केंटकीतलं व्हर्साय ‘व्हर्सेल्स’, इलिनॉयमधलं कैरो ‘केरो’. याला लोक अडाणीपणा म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. तिथे राहणाऱ्यांनी नाव आपल्या जिभेवर घोळवून आपलं केलंय, फ्रान्समधल्या राजवाड्याचा उच्चार त्यांच्यावर लादायचं काहीच कारण नाही.

प्रश्न: प्रवासाआधी बरोबर उच्चार कुठे शोधायचा?

मॅपमधल्या आवाजावर अवलंबून राहू नका, तो पुष्कळदा स्पेलिंगच वाचतो. तिथल्या लोकल रेडिओच्या बातम्या ऐका, रेल्वेची अनाउन्समेंट ऐका. बीबीसीत उच्चारांसाठी वेगळा विभाग आहे आणि ब्रिटनमधल्या गावांच्या बाबतीत ते स्थानिक उच्चारच धरतात, म्हणून त्यांचे निवेदकही चालतील. तेही जमलं नाही तर तिथे पोचल्यावर सरळ विचारा, ‘तुम्ही या गावाला काय म्हणता?’ असं, आणि एकाला न विचारता दोघातिघांना विचारा.